तूस, भुसा, वाळू की राख? आधी खुराड्यात ओल कुठून येते ते बघा

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय, नाव-गाव देत नाही. मुंबईची नोकरी सोडून दोघं नवरा-बायको सासरच्या घरी राहायला आले आणि दिवाळीनंतर परसात कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. चिऱ्याच्या भिंती, सिमेंटचा कोबा, वर पत्रा, आकार ८ फूट बाय ६ फूट. २२ गावठी कोंबड्या आणि २ कोंबडे. उन्हाळाभर काही त्रास नव्हता कारण कोंबड्या दिवसभर बागेत असायच्या. पाऊस लागला तशा त्या आतच बसायला लागल्या आणि नाकात झोंबणारा वास सुरू झाला. ताई दिवसाआड पाइप लावून फिनाइलने जमीन धुतात, मग लाकडाचा भुसा पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीची ३ पिल्लं गेली, शिटेत रक्त होतं. एका कोंबडीच्या तळव्याला गाठ आलीय. सासूबाई म्हणतात राख टाक आणि शेणाने सारव, नवरा म्हणतो समुद्राची वाळू आणतो, खाद्याच्या दुकानात सांगितलं चुना भुरभुरा, आणि व्हिडिओत बघितलं की भुशाचा जाड थर घालून वर्षभर काढायचाच नाही. त्यांचा प्रश्न: यातलं सगळ्यात चांगलं काय? एवढी स्वच्छता ठेवूनही हे का होतंय? सासूबाईंना कसं समजावू? आणि घरात पडून असलेल्या ४ पोती भुशाचं काय करू?

ताई, अंथरायला काय घ्यायचं ते सांगतेच, पण आधी पिल्लांचं बघू कारण ते थांबण्यासारखं नाही. शिटेत रक्त आणि पिल्लं पंख पाडून गुपचूप बसणं म्हणजे बहुतेक वेळा कॉक्सी, आपल्याकडे रक्ती हगवण म्हणतात तीच. आजच्या आज ताजी शीट एका स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात. पाण्यातून द्यायचं औषध असतं, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, दुकानातून अंदाजाने पुडी आणू नका. उरलेली पिल्लं आईसकट वेगळ्या कोरड्या खोक्यात घरात घ्या, खाली कोरडं तूस आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाटाचा तुकडा. गुळगुळीत वर्तमानपत्र नुसतं अंथरू नका, त्यावर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ते सरळ करणं कठीण जातं.

आता हा रोग समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. मोठ्या कोंबड्यांच्या पोटात याचे जंतू थोडेफार असतातच, त्या आजारी दिसत नाहीत पण शिटेतून बीजं टाकत राहतात. ते बीज बाहेर पडल्यावर लगेच कुणाला आजारी पाडू शकत नाही, त्याला आधी पिकावं लागतं, आणि पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते. हे तिन्ही मिळालं की एक-दोन दिवसांत ते तयार होतं. म्हणजे तुमचा दिवसाआड भिजणारा कोबा आणि त्यावरचा ओला भुसा ही त्याच्यासाठी अगदी हवी तशी जागा झालीय. आणि फिनाइलने ते बीज मरत नाही हो, त्याचं कवच इतकं चिवट असतं की घरात वापरतो त्या बहुतेक जंतुनाशकांना ते दाद देत नाही. कोरडेपणा आणि कडक ऊन मात्र त्याला सोसत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी त्यांना माझ्या स्वयंपाकघरासारखं स्वच्छ ठेवते". त्यामागची काळजी मला कळते आणि त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुकही वाटतं. पण कोंबडीसाठी स्वच्छ म्हणजे धुतलेलं नव्हे, कोरडं. आपण माणसं पाण्याने स्वच्छ करतो म्हणून तिथेही तेच करावंसं वाटतं. कोकणात जुलैत हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, तुमचे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तर चारी बाजूंनी चिऱ्याच्या भिंती असलेल्या खोलीतला कोबा कसा वाळणार? तुम्ही टाकलेलं पाणी कोब्याच्या बारीक भेगांत आणि चिऱ्याच्या तळात मुरून बसतं, आणि वर पसरलेला भुसा ते खालून ओढून घेतो. त्यामुळे पहिली गोष्ट, पाइप बंद. आणि कोंबड्या आत असताना फिनाइल तर अजिबात नको, त्याचा वास त्यांच्या श्वासाला त्रासाचा असतो.

आता जरा हिशोब करू. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२५ ग्रॅम शीट टाकते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. तुमच्या २४ जणांची मिळून अडीच ते तीन किलो शीट, म्हणजे रोज जवळपास २ लिटर पाणी त्या ४८ चौरस फुटांत पडतंय, आणि हे पावसाचा थेंबही आत न येता. उन्हाळ्यात यातलं निम्म्याहून जास्त बागेत पडत होतं आणि उन्हात वाळत होतं, म्हणून तुम्हाला तेव्हा कळलंच नाही. एका कोंबडीमागे २ चौरस फूट जागा पुस्तकात बरोबर बसते, पण ती किमान जागा आहे आणि पावसाळ्यात दिवस-रात्र आत कोंडल्यावर ती अपुरीच पडते. शक्य असेल तर पडवीचा किंवा गोठ्याचा एखादा कोपरा जाळी लावून दिवसा त्यांना मोकळा करून द्या, नुसत्या एवढ्यानेही खूप फरक पडेल.

म्हणून "सगळ्यात चांगलं अंथरूण कुठलं" या प्रश्नाआधी मी तुम्हाला दुसरा प्रश्न विचारते, ओल कुठून येतेय? शीट झालीच, पण बाकीच्या वाटा तुम्ही स्वतः शोधा, कारण त्या प्रत्येक खुराड्यात वेगळ्या असतात. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या, जमीन जिथे त्यातल्या त्यात कोरडी वाटते तिथे ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने नीट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खालच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल जमिनीतून वर चढतेय. खालची बाजू कोरडी आणि वरची ओली असेल तर हवेतली किंवा कोंबड्यांनी केलेली ओल आहे. खुराड्याची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा खाली असेल तर ओल खालूनच येत असणार, मग भिंतीच्या कडेने बाहेर वीतभर खोल चर खणून पाणी लांब वळवा. आणि पावसाच्या जोरात एकदा छत्री घेऊन खुराड्याभोवती चक्कर मारा. पागोळ्या कुठे पडतात, तिथून किती उंच उडतात, झड कुठल्या बाजूने आत येते हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. आपल्याकडे पावसाळी वारा जास्त करून नैऋत्य आणि पश्चिमेकडून, त्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधा. पण वरचा वीतभर भाग उघडाच ठेवा, आणि समोरची पूर्वेची जाळी झाकू नका. बरेच लोक पाऊस लागला की चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात, कोंबड्यांना थंडी लागेल म्हणून, आणि मग आतली वाफ आणि वास आतच राहतो. मोठ्या कोंबडीला हवेचा त्रास नाही, अंगावर थेट झोत आणि भिजलेली पिसं याचा आहे.

दुसरी वाट पाण्याच्या भांड्याची. तुम्ही परातीत पाणी ठेवता असं लिहिलंय. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, पण परातीत ती पाय घालते, वर चढते, भुसा उकरून आत टाकते आणि शेवटी परात उपडी करते. उलटी बाटली बसवलेलं साधं पिण्याचं भांडं आणा आणि ते विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. त्याखाली जाळी आणि जाळीखाली घमेलं ठेवलं तर सांडलेलं पाणी अंथरुणात जात नाही. भांडं पडवीत ठेवता आलं तर सगळ्यात उत्तम.

तिसरी वाट कोंबड्या रात्री ज्यावर बसतात त्या दांड्याखालची, आणि इथे थोड्या कष्टात सगळ्यात जास्त फायदा आहे. रात्रीची शीट सगळी एकाच ओळीत पडते. दांड्याखाली जुना पत्रा किंवा फळी टाका, त्यावर गोणपाट, आणि रोज सकाळी गोणपाट उचलून खड्ड्यात झटका. दोन-तीन गोणपाटं फिरती ठेवा म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दिवसभराच्या शिटेतला बराच मोठा वाटा अंथरुणात पडायच्या आधीच बाहेर जातो. एका कोंबडीला ८ इंच दांडा धरला तर तुम्हाला १६ फूट लागेल, म्हणजे ८ फुटांचे दोन दांडे, दोन्ही एकाच उंचीला. वर-खाली लावले तर सगळ्या वरच्यावर जागेसाठी भांडतात आणि खालचीच्या अंगावर वरचीची शीट पडते. उंची दीड-दोन फुटांपेक्षा जास्त नको. तुमच्या कोंबडीच्या तळव्याची गाठ बहुतेक यातूनच आली असणार, उंचावरून कडक ओल्या कोब्यावर रोज उडी, आणि कातडी भिजून मऊ झालेली. गाठीवर काळी खपली असेल आणि हाताला गरम लागत असेल तर तीसुद्धा डॉक्टरांना दाखवा, घरी ब्लेडने कापायला जाऊ नका.

एवढं झालं की अंथरुणाचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. कारण अंथरुणाचं काम काय तर ओल शोषून घ्यायची, पसरवायची आणि जमेल तशी हवेला देऊन टाकायची. नुसतं शोषून धरून ठेवणारं अंथरूण आपल्या पावसाळ्यात निरुपयोगी. चांगल्या अंथरुणात २०-२५ टक्के ओल असते, ३०-३५ च्या वर गेली की गठ्ठे बांधायला लागतात आणि अमोनिया, म्हणजे तो नाकात झोंबणारा वायू, सुटतो. मोजायला यंत्र नको, मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि हात उघडा. गोळा झाला आणि बोट लावल्यावर लगेच विस्कटला तर बरोबर. गोळा तसाच राहिला तर जास्त ओलं. मुठीत काहीच जमलं नाही आणि धूळ उडाली तर फारच सुकं, त्या धुळीने कोंबड्या शिंकतात.

तुमच्या भागात माझं मत सरळ आहे, भाताचं तूस घ्या. गावोगाव भातगिरणी आहे, १०० किलो भात भरडला की २० किलोच्या आसपास तूस निघतं, बऱ्याच ठिकाणी नुसतं उचलून नेण्याच्या खर्चात मिळतं. तुसात वाळूसारखी सिलिका भरपूर असते त्यामुळे ते लवकर कुजत नाही, होडीसारखा आकार असल्याने दाणे एकमेकांवर गच्च बसत नाहीत आणि मधून हवा खेळते. पाणी ते फार शोषत नाही हे खरं, लाकडाचा छिलका त्यापेक्षा जास्त शोषतो, पण तूस वाळतं लवकर आणि त्याची ढेकळं सहसा होत नाहीत, आणि आपल्याला इथे तेच हवंय. फक्त तूस घेताना एक बघा. छोट्या जुन्या गिरणीवर तूस आणि कोंडा एकत्र येतो. ओंजळीत घेऊन बोटं सैल सोडा, चांगलं तूस सरसर गळून जातं आणि तळहात स्वच्छ राहतो. तळहाताला पिवळसर पिठी चिकटून राहिली आणि जरा तेलकट लागली तर त्यात कोंडा आहे. कोंडा म्हणजे खाणं, कोंबड्या तो टिपत बसतात, शिवाय त्याला ओल लागली की पोरकिडे आणि बुरशी दोन्ही येतात. चाळून घ्या किंवा दुसरी गिरण बघा. आणि गिरणीबाहेर उघड्यावर भिजलेल्या ढिगातलं तूस जूनमध्ये मुळीच आणू नका. बुरशीचा कुबट वास आला तर परत पाठवा, त्या बुरशीच्या धुळीने पिल्लांच्या फुफ्फुसाचा आजार होतो आणि त्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

तुमचा लाकडाचा भुसा वाईट का ठरला? तो भुसा फार बारीक आहे, करवतीखालचा. बारीक भुसा पाणी पितो आणि लगद्यासारखा बसतो, वर पिल्लं तो दाणा समजून खातात आणि त्यांची पोटं भरल्यासारखी होऊन ती दाणा सोडतात. रंध्याखालून निघणारा कुरळा छिलका असता तर मी तो चांगला म्हटला असता. व्हिडिओतले लोक बहुतेक तो छिलका वापरतात, आणि तो कोरड्या हवेत.

समुद्राची वाळू नको, अगदी नको. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, आणि कोंबड्या खडे टिपतात तेव्हा मीठही पोटात जातं, कोंबडीला जास्त मीठ विषासारखं असतं. नदीची वाळू कोरड्या मुलखात ठीक, आपल्या पावसात ती ओलीच राहते. पातेरा म्हणजे आंब्या-काजूचा वाळका पाला फुकट असतो आणि उन्हाळ्यात कोंबड्यांना उकरायला आवडतो, पावसात मात्र त्याचे थरावर थर चिकटून चामड्यासारखे होतात. पेंढा वापरायचाच तर बोटभर लांबीचा तोडून, अख्खा पेंढा चटईसारखा बसतो आणि त्याखाली उंदीर घर करतात, उंदीर आले की मागून धामण आली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, खूप पाणी धरतं, म्हणूनच मी ते नको म्हणतेय.

घाटावरून आणि विदर्भातून वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. भंडारा-गोंदिया, मावळ, इगतपुरीकडे तूस मुबलक आहे, प्रश्नच नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचा उसाचा चोथा मिळतो, तो शोषतो छान पण त्यात गोडी उरलेली असते, नीट वाळवला नसेल तर तापतो आणि बुरशी धरतो. भुईमुगाची टरफलं कडकडीत सुकी आणि यंदाचीच असली तरच घ्या, बुरशीची भीती तिथेही आहे. सोयाबीनचं कुटार मराठवाड्यात सगळीकडे पडलेलं असतं, मोठ्या कोंबड्यांना चालतं, पण टोकदार काड्यांमुळे पिल्लांखाली नको. आणि कुठल्याही मोठ्या पोल्ट्रीतून वापरलेलं अंथरूण किंवा तिथली रिकामी पोती घरच्या कोंबड्यांसाठी आणू नका, त्याबरोबर काय रोग येईल सांगता येत नाही.

चुन्याबद्दल दुकानदाराने अर्धं सांगितलं. रिकाम्या, सुकलेल्या खुराड्यात जमिनीला आणि हातभर भिंतीला विझवलेल्या चुन्याचा हात मारणं चांगलंच. पण शिटेने ओल्या झालेल्या अंथरुणावर कोंबड्या आत असताना चुना भुरभुरला तर शिटेतला अमोनिया एकदम मोकळा होतो, तास-दोन तास डोळ्यांतून पाणी काढणारा वास येतो आणि कोंबड्यांना पळायला जागा नसते. कळीचा न विझवलेला चुना तर पाय भाजतो.

वासाचं सांगायचं तर तुम्ही उभं राहून वास घेता आणि त्या जमिनीलगत श्वास घेतात. पहाटे दार उघडायच्या वेळी आत जाऊन उकिडवं बसा आणि दोन-चार श्वास घ्या. आपल्या नाकाला अमोनिया साधारण २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) पुढे जाणवतो आणि २५ च्या पुढे कोंबडीच्या डोळ्यांना आणि श्वासनळीला इजा व्हायला लागते, म्हणजे आपल्याला झोंबला की त्यांचा त्रास सुरू झालेलाच असतो. आणि हे पहिल्या श्वासालाच ठरवायचं कारण थोड्या वेळाने नाक सरावतं. एखादी कोंबडी उजेडात डोळे मिटून उभी असेल किंवा खांद्याच्या पिसांना डोळा घासत असेल तर तेही अमोनियाचंच लक्षण असू शकतं.

आता वर्षभर न काढायचा जाड थर. ही पद्धत खोटी नाही, आपल्याकडे गादी पद्धत म्हणून ती वर्षानुवर्षं चालत आलीय. जाड अंथरुणात शीट मिसळत जाते, त्यात चांगले जिवाणू वाढतात, आतून ऊब येते आणि शीट हळूहळू मुरते. पण ते जिवाणू जमायला कोरड्या हवामानाचे निदान दोन महिने लागतात. म्हणजे आपल्याकडे गादी सुरू करायची होळीच्या आसपास, ३-४ इंचांनी, आणि दर थोड्या दिवसांनी वर भर घालत पावसाच्या तोंडावर ती ६ इंचांपर्यंत न्यायची. आता मृग होऊन गेल्यावर ओल्या कोब्यावर एक फूट भुसा टाकला तर त्याची गादी होणार नाही, आंबलेला ढीग होईल. म्हणून या वर्षी नको. पुढच्या वर्षी करा, आणि त्यासाठी दिवाळीनंतर नवं भात भरडतात तेव्हाच सुकं तूस भरून माळ्यावर ठेवा.

या वर्षी मी काय केलं असतं ते सांगते. उघडीप मिळेल तो दिवस धरायचा. कोंबड्या पडवीत. आतलं सगळं फावड्याने कोरडंच खरवडून काढायचं, पाणी नाही. दिवसभर दार उघडं ठेवून टेबल फॅन लावायचा, तारा आणि प्लग ओल्यापासून लांब. मग चुन्याचा हात, तो पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. प्लॅस्टिकच्या तुकड्याने जमिनीची ओल दाखवली असेल तर खाली जाड ताडपत्री, कडा भिंतीवर चार बोटं चढवून. वर ३ इंच तूस. तुमच्या जागेला साधारण ३५ किलो लागेल, मोठी ४ पोती, आणि तेवढंच जास्तीचं कोरडं साठवून ठेवा. रोज सकाळी दांड्याखालचं गोणपाट बाहेर, भांड्याभोवती ओला झालेला भाग घमेल्यात काढून तिथे सुकं तूस. दोन दिवसांतून एकदा दाताळ्याने तळापासून वर हलवायचं. कोंबड्याही हे काम करतात, दुपारी मूठभर कण्या तुसात फेकल्या की त्या उकरून उकरून सगळं मोकळं करतात, फक्त पिल्लं तिथे असताना कण्या जमिनीवर टाकू नका. तळ काळा, चिकट आणि वासाचा झाला की सगळं बदला, तारीख बघून नको. कधी तीन आठवड्यांनी होईल, कधी दोनच.

काढलेलं तूस-शीट ताजं माडाच्या किंवा मिरचीच्या मुळाशी टाकू नका, त्यात नत्र इतकं असतं की मुळं होरपळतात. छपराखाली ढीग करा, पाला मिसळा, दोन-तीन महिने मुरू द्या. नवरात्राच्या सुमाराला उत्तम कोंबडखत तयार असेल.

सासूबाईंना समजवायचं म्हणता, तर मला वाटतं त्यांचं आधी नीट ऐकून घ्या. त्या मातीच्या जमिनीवर, कुडाच्या हवेशीर खुराड्यात, पाच-सहा कोंबड्या सांभाळत आल्यात आणि त्या कोंबड्या दिवसभर रानात असायच्या. त्या जागी सारवण आणि राख बरोबरच होतं. शेणाचं सारवण उन्हाळ्यात कडक सुकतं, पावसात सुकत नाही, आणि तुमच्याकडे कोबा आहे, एवढाच फरक. राखेचं तर मी म्हणेन त्यांचं ऐकाच, पण जमिनीवर पसरू नका, ओली राख त्वचेला झोंबते. एका जुन्या टोपलीत किंवा खोक्यात चुलीची चाळलेली थंड राख आणि सुकी माती अर्धी-अर्धी भरून पडवीत कोरड्या जागी ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा कमी होतात. पावसाळ्यात त्यांना बाहेर कोरडी माती मिळतच नाही, त्यामुळे ही टोपली फार मोलाची आहे आणि ती सासूबाईंनीच भरून द्यावी, चुलीजवळची राख कुठली घ्यायची ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पहाटेचा वासही त्यांना घ्यायला सांगा. ज्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या त्या एका श्वासात ओळखतील, आणि मग जमीन धुवायची की नाही यावर वेगळं बोलावं लागणार नाही.

पिल्लं परत खुराड्यात कधी न्यायची तेही सांगते. औषधाचा कोर्स संपल्यावर, डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, आणि नवं तूस घालून मुठीची परीक्षा सलग काही दिवस बरोबर उतरल्यावर. तोपर्यंत त्यांच्या खोक्यातलं तूस रोज बघा आणि ओलं दिसलं की त्याच वेळी बदला. मोठ्यांचं काम करून तसेच पिल्लांकडे जाऊ नका, आधी पिल्लांचं मग मोठ्यांचं, आणि चपला वेगळ्या.

राहता राहिली ती ४ पोती. भुसा कुठून आणलाय ते विचारा. प्लायवूड किंवा फर्निचरच्या कारखान्यातला असेल तर त्यात गोंद, वाळवीचं औषध, पॉलिश असू शकतं, तो कोंबड्यांनाही नको आणि खतातही नको. लाकूड कापायच्या गिरणीतला साध्या लाकडाचा असेल तर पोती उघडून हात आत घाला, मधे गरम किंवा कुबट लागला तर तो सरळ खताच्या ढिगात. कोरडा असेल तर दांड्याखालच्या पत्र्यावर गोणपाटाच्या खाली पातळ थर म्हणून वापरा, तिथे तो रोज शिटेबरोबर बाहेर जातो आणि पिल्लांच्या चोचीला लागत नाही. अशा वापरात ४ पोती तुम्हाला पावसाळाभर पुरायला हरकत नाही.